शाईबाईंची खुशाली

सुधाकर मेस्त्री दमणहून बदली होऊन सिल्वासाला आला तो १९८२ साली, मोजणीच्या ऑफिसात ट्रेसर म्हणून. मोजणीदार शेताशेतांतून मापं घेऊन यायचे आणि सुधाकर ती ट्रेसिंग कापडावर काळ्या शाईनं उतरवायचा. काल जिथं भात डोलत होतं तिथं धाग्याचे कारखाने येत होते, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. माणसांचा मात्र तोटा होता. त्याची बायको सुलभा मुंबईत टेलिफोन खात्यात नोकरीला. चार वर्षांची होत आलेली स्नेहल आजीपाशी वाढत होती. सुलभा एकदाच दोन दिवस येऊन गेली. डोकमर्डीच्या चाळीतली एक खोली, सामाईक संडास, त्यात पोरीला ताप भरला. जाताना ती म्हणाली, "तुम्हीच येत जा महिन्यातून एकदा. हिला घेऊन मला हे जमायचं नाही." त्यात भांडण नव्हतं. जे होतं ते तिनं सांगितलं.

त्या हिवाळ्यात एक मांजरी उघड्या दारातून आत आली आणि त्याच्या मांडलेल्या ताटाशेजारी बसली. अंगानं पांढरीशुभ्र, फक्त पुढचा उजवा पंजा काळा. सुधाकर दिवसभर शाईत बोटं बुडवणारा माणूस. त्यानं तिचं नाव शाई ठेवलं. स्नेहल तेव्हा नुकती अक्षरं जुळवायला लागली होती. त्यानं एका पोस्टकार्डावर नकाशाच्या बारीक टाकानं मांजर काढली आणि खाली लिहिलं:

शाईबाईंचे चार पाय,
तीन पांढरे, एकाला काय?
दौतीत बुडवून आली का?
पत्र लिहायला निघाली का?

आठ दिवसांनी उत्तर आलं. मोठ्या, वाकड्या अक्षरांत एकच ओळ: 'बाबा, अजून शाई पाठवा.'

मग दर सोमवारी एक कार्ड जाऊ लागलं. सुधाकरनं त्याआधी आयुष्यात कविता केली नव्हती. पण संध्याकाळी मांजरीकडे बघत बसण्यावाचून त्याला दुसरा उद्योगही नव्हता, आणि बघत बसलं की ती आपणहून काहीतरी पुरवायचीच.

दार लावलं, की म्हणते 'उघड',
उघडलं, की बसते जसा दगड.
आत यायचं, की जायचं बाहेर?
उंबराच तिचं सासर-माहेर!

चित्रात उंबऱ्यावर अर्धी आत, अर्धी बाहेर अशी शाई, आणि दार धरून ताटकळलेला, चष्मा घसरलेला एक बारका माणूस. महिन्याकाठी तो मुंबईला जायचा तेव्हा स्नेहल तो बारका माणूस बोटानं दाखवायची आणि म्हणायची, "हे तुम्ही. तुम्ही हसत का नाही?" पुढच्या कार्डापासून त्यानं त्या माणसाला हसरं तोंड दिलं.

१९८५च्या डिसेंबरात शाई वापी रस्त्यावर ट्रकखाली आली. ऑफिसला जाताना सुधाकरला ती कडेला दिसली. त्यानं घरी परतून पिशवी आणली, तिला चाळीमागच्या मोकळ्या जागेत पुरलं आणि तासभर उशिरा कामावर गेला. साहेबांनी कारण विचारलं तर म्हणाला, "पोट बिघडलं होतं." मांजर मेली म्हणून उशीर झाला, असं चाळिशीला आलेल्या माणसानं कुणाला सांगायचं?

संध्याकाळी त्यानं कार्ड घेतलं. 'चि. स्नेहल, आपली शाई' इतकं लिहिलं आणि थांबला. तेवढ्यात चाळीतल्या कुणीतरी दुपारी आलेलं पत्र आणून दिलं. स्नेहलचं होतं. 'येत्या शुक्रवारी मी सात पूर्ण होणार. शाईला विचारा, ती मला काय देणार?'

त्यानं लिहिलेलं कार्ड फाडलं आणि नवीन घेतलं. शाई शुक्रवारी स्नेहलला शेपटीचा एक केस, अर्धी माशी आणि तीन जांभया भेट देणार होती. वाढदिवस झाला की सांगू, असं त्यानं ठरवलं. मग परीक्षा झाली की. मग आजी आजारी पडली आणि पुढल्या वर्षी गेली. पोर आधीच रडून अर्धी झालेली, तेव्हा तर शक्यच नव्हतं. एकदा चुकलेली वेळ पुन्हा आलीच नाही.

बघायला मांजर नाही म्हटल्यावर सुधाकरला रचावं लागलं. नुसती खोड्या करणारी मांजर किती दिवस पुरणार? म्हणून त्यानं घरात माणसं आणली. मोजणीची साखळी ओढणारा भिका आला, बाजारात मासे विकणारी, तळ्याकाठच्या दुधनीची पुतळाबाई आली. कार्डावरच्या त्या खोलीत पत्ते रंगले, भजी झाली, भेंड्या लागल्या.

आज आमच्याकडे पाहुणे चार,
गप्पा रंगल्या फारच फार.
शाईबाई मधोमध ऐटीत,
शेपूट भिकाभाऊंच्या वाटीत!

हे लिहून झालं की तो उठून खिचडी टाकायचा. भिका खरा होता, पुतळाबाई खरी होती. पण त्या खोलीत दोघांपैकी कुणी कधी पाऊल टाकलं नव्हतं. सुधाकर काही माणूसघाणा नव्हता. 'या एकदा घरी' एवढे तीन शब्द त्याच्या तोंडून निघत नसत, इतकंच.

१९८९च्या मे महिन्यात सुलभाला खात्याच्या ट्रेनिंगसाठी दोन आठवडे पुण्याला जावं लागलं. स्नेहलला ठेवायचं कुठं? स्नेहलच म्हणाली, "मी बाबांकडे जाते. मला शाईला भेटायचंय."

सुधाकरच्या हातात दहा दिवस होते. त्यानं पुतळाबाईला गाठलं. "तुमच्याकडे पांढरी मांजरी आहे का हो?"

"माशेवाल्याकडं मांजरांचा काय दुष्काळ?" पुतळाबाई हसली. "घेऊन जा. पण सांगते साहेब, ती पाण्याकाठची हाय. बांधून नाय राहायची."

त्या रविवारी तो दुधनीला जाऊन टोपलीत घालून मांजरी घेऊन आला. पांढरी होती, पण चारही पंजे पांढरे. स्नेहलला आणायला जायच्या आदल्या दिवशी त्यानं तिला गोधडीत गुंडाळलं, दोन ओरखडे सोसले आणि पुढचा उजवा पंजा ऑफिसच्या काळ्या शाईनं रंगवला. बारा वर्षं रेघा मारलेला हात. कडा अगदी सफाईनं आल्या. आपण काय करतोय हे मनात आलं तेव्हा त्यानं रेडिओ मोठा केला.

स्नेहल आली. मांजरी कॉटखाली जाऊन बसली ती बसलीच. "लाजते," सुधाकर म्हणाला. स्नेहल जमिनीवर पालथी पडून तासभर तिच्याशी बोलत होती. तिला सगळी कार्डं तोंडपाठ होती.

दुसऱ्या दिवशी बाजारात भिका भेटला. सुधाकरनं ओळख करून दिली, तशी पोर खुदकन हसली. "भिकाकाका, शेपूट वाटीत पडल्यावर तुम्ही ती वाटी टाकून दिलीत की तशीच खाल्ली?"

"कसली वाटी, पोरी?"

"आमच्या घरी! पत्ते खेळताना."

भिकानं गोंधळून सुधाकरकडे पाहिलं. तो अमळनेरकडचा सरळ माणूस होता. सुधाकरनं केलेली डोळ्यांची खूण त्याला कळली नाही. "नाही बा. मी तर साहेबांच्या घरी कधी आलोच नाही ना. पत्ते तर मला येतच नाहीत."

"विसरला असेल," सुधाकर घाईनं म्हणाला आणि कांदे निवडायला लागला. घरी येताना पिशवीचा एक बंद स्नेहलनं धरला होता, तो मध्येच सोडून दिला.

चौथ्या दिवशी सुधाकर ऑफिसातून परतला तेव्हा ती दारातच बसली होती. मांजरी एकदाची कॉटखालून बाहेर येऊन तिच्या मांडीत झोपली होती. स्नेहलनं तळहात पुढे केला. त्यावर काळ्या शाईचे वाळलेले कपचे होते.

"हिचा पाय सोलला जातोय, बाबा. आतून पांढरा आहे."

सुधाकर तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसला. शेजारच्या केसरबाई दोरीवरचे कपडे काढत होत्या. त्या आत गेल्यावर तो म्हणाला,

"शाई गेली, बाळा. ट्रकखाली आली."

"कधी?"

"तुझा सातवा वाढदिवस होता तेव्हा."

ती हिशेब करत राहिली. चेहरा रडवेला नव्हता. गणित अडलं की व्हायचा तसा झाला होता. "म्हणजे शेपूट वाटीत पडलं तेव्हा ती नव्हतीच."

"नव्हती."

"आणि भिकाकाकाही नव्हते. पुतळाबाईपण नव्हत्या. भजी?"

"भजी मी कधी केली नाहीत. मला येत नाहीत."

स्नेहलनं मागं वळून खोलीत पाहिलं. फळीवर एकच ताट होतं. चार दिवस ती त्यात जेवत होती आणि सुधाकर कुकरच्या डब्यात वाढून घेत होता. "मला वाटलं, बाकीची ताटं कुणीतरी मागून नेली असतील," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आलं. सुधाकरनं तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो काढला नाही, पण जवळही सरकली नाही.

डोळे पुसून ती म्हणाली, "आई तुमची कार्डं वाचते, माहितीये? माझ्याआधी. आणि म्हणते, तुझ्या बाबांचं तिकडं छान बस्तान बसलंय. घर माणसांनी भरलेलं असतं. त्यांना इकडं कशाला ओढायचं?"

सुलभानं इतक्या वर्षांत सुधाकरला 'या ना कायमचे' असं कधी म्हटलं नव्हतं. आपल्यावाचून तिचं अडत नाही, असं तो समजून बसला होता. आणि ती तिकडे तेच समजून बसली होती. पोरीला हसवायला लिहिलेल्या चार ओळी तिसऱ्याच माणसानं खऱ्या मानल्या होत्या.

"आई एकटीच जेवते का?" त्यानं विचारलं.

"मी झोपल्यावर. आधी मला वाढते. मग पेपर उघडून बसते."

स्नेहलला मुंबईला सोडून आल्यावर त्यानं सुलभाला पत्र लिहिलं. त्यात मांजर नव्हती, यमक नव्हतं. एवढं साधं लिहायला त्याला तीन दिवस लागले. उत्तर अर्ध्या पानाचं आलं. 'तुम्ही हे आधी सांगायला हवं होतं. मीही विचारायला हवं होतं. दिवाळीत येते.' ती आली, चार दिवस राहिली. त्या चार दिवसांत त्यांनी फार काही बोलून घेतलं असं नाही. तिनं त्याच्यासाठी तीन ताटं विकत घेतली. तो मुंबईजवळ बदली मागत राहिला. अशी बदली होत नसते, असं ऑफिस दरवर्षी कळवत राहिलं. तिला नोकरी सोडवेना, त्यालाही ते मागवेना.

भिकाला त्यानं एका रविवारी जेवायला बोलावलं. भिका आणि त्याची बायको दुर्गा नवे कपडे घालून आले, भिंतीला टेकून अवघडून बसले, पोटभर जेवले आणि आठच्या आत निघून गेले. बोलायला विषय फारसे निघाले नाहीत. पण आले. पुढे दोनतीनदा आले, मग भिकाची नेमणूक दूर रांधा गावाकडे झाली आणि ते सुटलं. दुधनीची मांजरी महिनाभरात निघून गेली होती.

स्नेहलनं एक अट घातली होती: कार्ड पाठवायचं, पण खरं लिहायचं. ते सोपं नव्हतं. 'आज कोणी आलं नाही. वांगी केली. रस्त्यावर एक मांजर दिसली, कुणाची ते माहीत नाही.' याला चित्र काय काढणार? तरी तो लिहायचा, आणि ती उत्तर द्यायची. चित्रातला बारका माणूस पुन्हा न हसणारा झाला होता. तिनं त्याबद्दल काही विचारलं नाही.

१९९१ साली मराठी शाळेतल्या कुसुमताईंना कुठून तरी त्या कवितांचा सुगावा लागला. त्यांच्या वर्गात कारखान्यांतल्या कामगारांची पोरं होती. घरी एक भाषा, गल्लीत दुसरी, शाळेत तिसरी. पुस्तक पुढं केलं की मान खाली. "तुमची मांजर द्या ना आम्हाला," त्या ऑफिसात येऊन म्हणाल्या. सुधाकरनं मुंबईहून जुनी कार्डं आणून त्यांतल्या निवडक सोळा कविता ट्रेसिंग कागदावर चित्रांसकट उतरवल्या आणि साहेबांच्या परवानगीनं, स्वतःचा कागद आणून, नकाशांच्या अमोनियाच्या मशीनवर पंचवीस प्रती काढल्या. जांभळट रेघांची ती पुस्तकं आठवडाभर अमोनियानं दरवळत होती. पोरं पान उघडताच आधी नाक मुरडायची आणि मग वाचायची. पहिल्या पानावर त्यानं लिहिलं होतं: 'शाई १९८५ साली गेली. सातव्या कवितेपासून पुढचं सगळं ती नसताना लिहिलेलं आहे.'

"हे कशाला?" कुसुमताईंनी विचारलं. "पोरांना वाईट वाटेल."

"वाटू दे," तो म्हणाला.

पुस्तकं वाटायला सुधाकर वर्गात गेला तेव्हा पोरांनी ते वाचलं. एका मुलीनं विचारलं, "ट्रकवाल्याला समजलं होतं का?" त्यानं सांगितलं, माहीत नाही. मग त्यांनी उंबऱ्याची कविता ओरडून म्हटली, चारदा.

१९९७ साली नोकरीची वीस वर्षं भरली तशी सुधाकरनं स्वेच्छेनं निवृत्ती घेतली आणि मुंबईला आला. पंधरा वर्षं ज्या घरी महिन्यातून दोन दिवस पाहुणा होता, तिथं आता त्याला कुठली वस्तू कुठं ते ठाऊक नव्हतं. स्नेहल सकाळी सातला कॉलेजला जायची, सुलभा नवाला. दुपारी घरात घड्याळ ऐकू यायचं. पहिल्या आठवड्यात त्यानं चहाचा डबा शोधायला तिन्ही कपाटं उघडली आणि शेवटी चहा घेतलाच नाही. शेजाऱ्यांना त्याचं नाव माहीत नव्हतं. एकटं बसायची त्याला सवय होती. ती सवय इथंही बरोबर आली होती.

शुक्रवारी सुलभा पावणेसातला आली. पर्स खुंटीला लावता लावता तिनं सहज विचारलं, "काय केलंत दिवसभर?"

पेपर वाचला, जरा फेरफटका मारला, असं काहीतरी सुधाकरच्या ओठांवर आलं होतं.

"काही नाही," तो म्हणाला. "कंटाळलो. तुझी वाट बघत होतो."

सुलभा स्वयंपाकघराकडे निघाली होती, ती थांबली. तिनं खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली. "बरं," ती म्हणाली. "मग सांगा. सकाळपासून सांगा."