बांधावरची बाभूळ

पिवळ्या रंगाच्या वडीवर ओला ब्रश फिरवला की मला आमच्या बांधावरची बाभूळ आठवते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी नांदेडहून मुखेडकडच्या आमच्या गावी आले होते आणि निसर्गवहीत एखादं झाड रंगवावं म्हणून रानात बसले होते. काळ्या मातीवर ती बाभूळ फुलांनी पिवळी झाली होती. तिच्या बुंध्याजवळून जाणाऱ्या, दोघांच्या शेतांमधल्या बांधाच्या वादातून वडील आणि काका यांच्यात अबोला होता. मी बाटलीच्या झाकणातल्या पाण्यात ब्रश बुडवत होते, तेवढ्यात काका मागं येऊन उभे राहिले. "नकाशा काढायलीस का? बापानं धाडलं?" "न्हाई काका, झाड काढतेय. कॉलेजचं हाय." त्यांनी वाकून चित्र बघितलं. "बांध चुकला तुझा. बाभूळ आमच्यात येते. लई शिकलीस, आता मोजणीबी तूच कर." लहानपणी याच काकांनी मला खांद्यावर घेऊन या झाडाच्या शेंगा शेळ्यांसाठी पाडायला लावल्या होत्या. मी वही मिटली. घरी येऊन काका काय म्हणाले ते वडिलांना सांगितलं. वाटलं, ते म्हणतील, जाऊ दे. त्यांनी वही मागून घेतली आणि पानावर बोट फिरवलं, फुलांवरून नाही, बांधावरून. "बरोबर काढलास. खाली तारीख टाक अन् जपून ठेव, मोजणीच्या वेळी कामाला येईल." एरवी मी प्रत्येक पानावर तारीख टाकते. त्या पानावर अजून टाकलेली नाही, आणि वडील दर सुट्टीत विचारतात.