माझ्या हातचा विस्तव

“तुझ्या हातचा इस्तू चालायचा नाय मला.”

अण्णा सगळ्यांसमोर बोलले. आमच्या वृद्धाश्रमाच्या अंगणात, कडुनिंबाखाली. सिगारेट त्यांच्या ओठात, पेटवलेला लायटर माझ्या हातात. नियमच तसा होता. सिगारेट ओढायची ती अंगणात, आणि लायटर राहायचा मावशीजवळ, म्हणजे माझ्याजवळ. मी पेटवून द्यायची, विझेपर्यंत शेजारी थांबायचं. अण्णांचे हात थरथरतात. ठिणगी मांडीवर पडली तरी त्यांना कळत नाही.

पण आदल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं होतं. मग गाव. दौलताबाद म्हटल्यावर गावातली आळी. तेवढ्यावर त्यांना माझी जात कळली. आमच्या लोकांच्या चुलीतला विस्तव घ्यायचा नाही, असा त्यांच्या गावचा रिवाज. गाव सुटलं, जमीन पोरांनी विकली, रिवाज तेवढा सोबत आणला. रोज सकाळी त्यांचं ढुंगण मी धुते. तेव्हा माझे हात चालतात.

आश्रमाच्या मॅडमनी मला बाजूला घेतलं. “मावशी, वय झालंय त्यांचं. मनावर नका घेऊ. लायटर राहू द्या त्यांच्यापाशीच.”

“आग लागंल, मॅडम.”

“काही होत नाही.”

आठवड्यातच झालं. दुपारी जेवणानंतर अण्णांनी पलंगावर पडल्या पडल्या सिगारेट पेटवली. शेजारच्या पलंगावर शेख चाचा, नाकात ऑक्सिजनची नळी. मी ताटं उचलत होते. जळका वास आला. धावले. पेटलेली चादर ओढून बादलीत कोंबली, सिलिंडर बंद केला, चाचांना पलंगासकट दाराबाहेर ओढलं. बोटं पोळली. अण्णांना खरचटलंसुद्धा नाही. चाचांचे ओठ मात्र निळे पडले होते. बाहेर दुसरा सिलिंडर लावला तेव्हा कुठे त्यांचा श्वास नीट चालू झाला.

संध्याकाळी अण्णांचा मुलगा आला. “ही काय झोपा काढत व्हती का?”

मॅडम मला म्हणाल्या, “हात जोडा आणि विषय मिटवा. चाचांच्या लेकीला सांगू, सिगारेट चुकून हातातून पडली.”

माझं टाळकं सरकलं. “हात नाय जोडणार. लायटर त्यांच्यापाशी कुणी ठिवला आन् का ठिवला, ते बोला आधी.”

मुलगा मोबाइल बघायला लागला. मी अण्णांच्या उशीखालून लायटर काढला आणि माझ्या खिशात घातला.

“कामावर राहायचंय का नाही तुला?” मॅडम एकेरीवर आल्या.

राहायचं आहे. माझ्या पगारावर घर चालतं. तरी उद्या चाचांची लेक गुलमंडीतलं आपलं दुकान उघडायच्या आधी इथे येईल, तेव्हा मी तिला दारातच गाठणार आहे. अण्णांनी माझी जात विचारली. ती विचारणाऱ्याचा मान राखायला मॅडमनी नियम मोडला. त्यापायी तिचा बाप मरता मरता वाचला. हे सगळं मी नावानिशी सांगणार. मग खुशाल काढा कामावरून.