डंकावरची मूठ

मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत कुणाची चटणी कशी आहे, हे तानाबाईला डोळे झाकून सांगता यायचं. तिची स्वतःची चटणी कशी असते, हे मात्र तिलाही ठाऊक नव्हतं, कारण अकरा वर्षांत तिनं स्वतःसाठी चटणी केलीच नव्हती.

वर्षाची चटणी कांडायचा डंक तिच्या सोप्यात होता. तिचा नवरा गणपतराव उद्यमनगरात फिटर. त्यानं भंगारातलं लोखंड गोळा करून, रविवार-रविवार खपून तो उभा केला होता. खाली तीन उखळं, त्यांत वरखाली होणारी तीन लोखंडी मुसळं, वर पट्टा आणि एक जुनी मोटर. डंक सुरू झाला आणि दुसऱ्याच वर्षी गणपतराव छातीच्या दुखण्यानं गेला. बिद्रीहून भाऊ गाडी घेऊन न्यायला आला, तेव्हा तानाबाईनं त्याला पोटभर जेवू घातलं आणि रिकामी गाडी माघारी लावून दिली. मग तिसाव्या वर्षी पदर खोचून ती उखळापाशी बसली. मुसळ वर गेलं की हात आत घालायचा, मिरची मधोमध सारायची आणि मुसळ खाली यायच्या आत हात बाहेर काढायचा. हे काम शिकवून येत नाही, भीती मोडली की येतं.

डंकाचा एक रिवाज होता. जिची चटणी तिनं शेजारी बसायचं आणि कांडून झालं की डबा तानाबाईपुढं धरून म्हणायचं, "भरून घे." तानाबाईनं एक मूठ उचलून आपल्या बरणीत टाकायची. मजुरी वेगळी आणि मूठ वेगळी. मजुरी ही कामाची, मूठ ही मानाची. त्यामुळं तिच्या बरणीत अख्खी गल्ली एकत्र नांदायची. जोशी मास्तरांच्या श्यामलाताईंची खोबऱ्यानं सौम्य झालेली, बाळाबाईची लसणाचा भपकारा मारणारी आणि समोरच्या अंबूबाईची नुसता जाळ. उभ्या जन्मात एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या बायका तिथं गुण्यागोविंदानं राहत होत्या.

मग त्र्याहत्तरचा उन्हाळा आला. दुष्काळ खरा होता तो सोलापूर-नगरकडं. कोल्हापुरात पंचगंगेला पाणी होतं, पण महागाई काही नदीला अडत नाही. तेल मिळेना, खोबरं परवडेना आणि रेशनवर तांबडी मिलो ज्वारी, जिची भाकरी थापताना बायका सरकारच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. उद्यमनगरातल्या फौंड्र्यांचं काम आटलं. गल्लीतले पुरुष भरदुपारी कट्ट्यावर बसलेले दिसू लागले. अंबूबाईचा नवरा तर दोन महिने घरीच होता.

त्या साली चटणीला पहिली आली ती अंबूबाईच. दरसाल टोपलं डोक्यावर घेऊन यायची, यंदा पिशवी घेऊन आली. कांडून झालं. अंबूबाईनं डबा पुढं धरला.

"भरून घे."

डबा अर्धासुद्धा भरला नव्हता. तानाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं औंदा. तुम्हालाच पुरायची न्हाय."

अंबूबाईनं झाकण लावलं आणि ती घाईनं निघून गेली. तानाबाईला वाटलं, बाईचं मन भरून आलं असेल. तिला स्वतःलाच बरं वाटलं, आणि पुढं आलेल्या चार जणींनाही तिनं तसंच सांगितलं. माणूस चांगलं वागायला निघालं की त्याला आपला चेहरा फार आवडायला लागतो. तिचंही तसंच झालं.

पाचव्या बाईनंतर कुणी आलं नाही.

चैत्र सरत आला. मिरच्यांच्या पिशव्या तिच्या दारावरून पुढं जात आणि कोपऱ्यावर नव्यानं निघालेल्या चक्कीवर उतरत. तिथं घटकाभरात काम व्हायचं, पण तापलेल्या दगडांत चटणी करपून काळी पडायची, हे सगळ्यांना माहीत होतं. तानाबाईनं मजुरी उतरवली. तरी बायका मान वळवून जातच राहिल्या. वर्षाची कमाई या दोन महिन्यांत व्हायची, आणि त्यातला एक महिना असा कोरडा गेला.

तेवढ्यात कळंब्याचा हंबीरराव आला. जुनी यंत्रं घेऊन विकायचा त्याचा धंदा. त्यानं मुसळं हलवून बघितली, पट्टा ओढून बघितला.

"वैनी, ह्ये लोखंड गंजायच्या आत मोकळ्या व्हा. शनवारी गाडी घिऊन येतो."

"शनवारी सांगते, पावणं," तानाबाई म्हणाली. सांगण्यासारखं काय उरलं होतं? डंक गेला की बिद्रीला जायचं, भावजयीच्या चुलीपुढं बसायचं आणि वाढलं तेवढं गिळायचं.

गुरुवारी श्यामलाताई आल्या. त्या सहसा भानगडीत पडत नसत. उंबऱ्याशीच थांबून म्हणाल्या, "तानाबाई, तुम्ही अंबूबाईला मूठ नको म्हणालात का?"

"म्हणाले की. त्यांचंच भलं बघितलं मी. काय चुकलं?"

"ती म्हणते, तानाबाईनं मला भिकारीण ठरवलं. बाकीच्यांनाही तसंच वाटलंय. करपलेली चटणी खाताहेत, पण इकडं यायला तयार नाहीत."

तानाबाईचं डोकंच भडकलं. "भलं करायला गेलं तर ह्ये असं! खाऊ द्यात करपलेली!" श्यामलाताई आल्या तशा गेल्या. तानाबाई तरी बराच वेळ उखळांना ऐकवत राहिली. ऐकवता ऐकवता तिला गणपतराव गेला ते साल आठवलं. तेव्हा ती उघड्यावर पडली होती. पण गल्लीतल्या कुणीही दारात येऊन "बिचारी" म्हटलं नव्हतं. आल्या त्या मिरच्या घेऊन आल्या होत्या. "हात चालीव लवकर, मला सैपाक हाय," असं खेकसून अंबूबाई पहिली बसली होती. तानाबाईला स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

शुक्रवारी ती वाटी घेऊन अंबूबाईच्या दारात उभी राहिली. गल्लीत मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अंबू, माझी बरणी रिकामी हाय. कोरडी भाकरी खातीय मी. मूठभर चटणी दे."

अंबूबाई निवडत असलेल्या ज्वारीतून मान वर न करता म्हणाली, "आमालाच पुरायची न्हाय."

तानाबाई हलली नाही. "चुकलं माझं. तुझी मूठ मी मोडायला नको हुती."

आजूबाजूच्या दारांत बायका आल्या होत्या. अंबूबाईनं सूप बाजूला ठेवलं.

"घरातनं न्हाय मिळायची तुला. मूठ डंकावर मिळती," ती म्हणाली आणि आत गेली.

शनिवारी सकाळी हंबीरराव दोन हमाल आणि गाडी घेऊन आला, तेव्हा डंक दणादणा चालू होता. त्यानं काहीतरी विचारलं, ते तानाबाईला ऐकूच आलं नाही. उखळापाशी अंबूबाई बसली होती. लेकीच्या सासरी धाडायला म्हणून बाजूला ठेवलेल्या मिरच्या तिनं आणल्या होत्या.

मुसळं थांबली. सगळी मिळून चटणी जेमतेम चार-पाच मुठी झाली. अंबूबाईनं डबा पुढं केला.

"भरून घे."

तानाबाईनं हात घातला. अंबूच्या घरचा कण जरी उचलला तरी पाप लागेल, असं तिला वाटत होतं. तिनं बोटं मिटली आणि हात बाहेर काढला. अंबूबाई डब्याकडं नाही, तिच्या मुठीकडं बघत होती.

"सैल हाय," अंबूबाई म्हणाली. "परत घे."

तानाबाईनं मूठ डब्यात सोडली. पुन्हा हात घातला, आणि या खेपेला बोटांतून सांडेपर्यंत भरून घेतली. मग ती आपल्या बरणीत टाकली.

अंबूबाईनं हलका झालेला डबा कडेवर घेतला, पदर सारखा केला आणि दार अडवून उभ्या असलेल्या हंबीररावाला म्हणाली,

"पावणं, सरका की जरा. मागं बायका खोळंबल्यात."