सादिक गप्प राहिला ती गल्ली

काल मुलीने मोबाइलवर नायजेरियाच्या एका नव्या गायकाचं गाणं लावलं. "बाबा, याला आता जगभर ऐकतात." त्या ठेक्यावर माझी बोटं आपोआप मांडीवर वाजू लागली. अगदी आमच्या धुमालसारखा ठेका.

वरातीपुढे वाजवणाऱ्या आर्णीच्या आमच्या धुमाल पार्टीत मी ढोल वाजवायचो आणि मेकॅनिकचा मुलगा सादिक गायचा. कापसाच्या त्या वाईट वर्षांत एका खेड्यातल्या वरातीला नागपूरचा कॅसेटवाला खास त्याला ऐकायला आला होता. जनरेटरच्या धुरात गाडीवर उभं राहून सादिकने पहिली ओळ उचलली आणि म्हाताऱ्या बायाही नाचू लागल्या.

मग दुखवट्याचं घर आलं. अशा घरापुढून वाजवत जायचं नसतं, म्हणून सगळ्यांना थांबवायला मी हात वर केला. ते ओलांडलं तर पुढचंही तसंच. त्या गल्लीत कर्जाला कंटाळून शेतात गेलेली किती माणसं परतलीच नव्हती.

"उस्ताद, सुरू करू का?" सादिकने विचारलं.

"थांब रे, पुढं बी दुखवटा हाय."

"तो कॅसेटवाला घड्याळ पाहून राह्यला. मले का मुक्याची कॅसेट काढाची हाय?" तो हसत म्हणाला.

वरात मुकीच मांडवात पोचली. कॅसेटवाला तोवर निघून गेला होता, पुन्हा आला नाही. सादिक आता पंक्चर काढतो, गात नाही.

तेव्हा वाटलं, योग्य तेच केलं. पण आमच्या गप्प राहण्याने त्या घरांत कोण परत आलं?

"आवाज वाढवू?" मुलीने विचारलं. नको म्हणायला मी हात वर केला आणि तो हात मला बघवेना.