भेरूजीच्या ओट्यावरची कोंबडी

माझ्या पदवीचं श्रेय कुणाचं, असं कुणी विचारलं की मी आत्याचंच नाव घेतो. देवासला मुलींच्या एका वसतिगृहात ती पोळ्या करायची. आमच्या घरात कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. तिनं मला आपल्या घरी ठेवून घेतलं आणि बी.एस्सी. होईपर्यंत हलू दिलं नाही. शाळा माझी हिंदी. मराठी लिहायला-वाचायला तिनंच बसवून शिकवलं.

घरातून जे बाहेर पडेल त्याला कुंकू लावून लाल नाडा बांधायचा, ही तिची पद्धत. माझ्या ट्रंकेच्या कडीला बांधला, सायकलला बांधला. माझ्या मनगटावरचा तर कारखान्यातल्या साहेबांनी कापायला लावला.

गेल्या हिवाळ्यात ती न्हाणीत पडली. कमरेचं हाड मोडलं. थोरल्या काकांनी तिला हाटपिपल्याला आपल्या घरी नेलं. परसातली तिची एकच कोंबडी उरली होती, कडकनाथ, तुऱ्यापासून नखापर्यंत काळी. ती सांभाळायला माझ्याकडे धारला आली. अर्थात कुंकू लावून, पायात नाडा बांधून. आत्याला ऐकू कमी येतं, फोनवर बोलणं होत नाही, म्हणून निघतानाच तिनं मला बजावलं, "ही आहे तोवर मी देवासला परत जाणार. ही गेली की तुझे काका म्हणतील, आता तिकडे तुझं कोण आहे?"

पीथमपूरला औषधाच्या कारखान्यात माझी रात्रपाळी चालू होती. एका सकाळी शिफ्टच्या बसमधून उतरून घरी आलो तर अंगणाचं फाटक उघडं आणि कोंबडी नाही. डोळे मिटत होते. तसाच गल्ल्या पालथ्या घालत निघालो. गटारं पाहिली, लाकडाच्या वखारीमागे पाहिलं. काकांना फोन केला, तर ते म्हणाले, "गेली तर जाऊ दे रे. तिचा देवासचा हट्ट तरी सुटेल." मी फोन ठेवला आणि चालत राहिलो.

दुपारी ती सापडली. भेरूजीच्या, म्हणजे भैरवाच्या ओट्यावर, शेंदराच्या दगडाशेजारी बसून ज्वारी टिपत होती. मी हात पुढे केला, तोच ओटा झाडणारी म्हातारी ओरडली, "हात मती लगाजे! भेरूजी की है!"

त्या मोहल्ल्यात नवस फिटला की कोंबडीला कुंकू लावतात, नाडा बांधतात आणि ओट्यावर सोडून देतात. तिला मग कुणी शिवत नाही. आमच्या कोंबडीच्या काळ्या तुऱ्यावर कुंकवाचा डाग अजून होता आणि पायात नाडाही होता. पाहणाऱ्यानं दुसरं काय समजावं?

पानाच्या टपरीवरची पोरं जमली. "भिया, पढ़-लिखके भेरूजी की मुरगी चुरा रिये हो?"

"मेरी बुआ की है," मी म्हणालो.

"तो बुआ को बुला लो!"

"बुआ की कमर टूटी है."

"और भेरूजी के तो हाथ-पाँव ही नी है, उनको लूट लो!"

सगळे हसले. मलाही हसू आलं असतं, पण तेवढा जीव अंगात नव्हता. मी ओट्याच्या पायरीवर बसलो आणि म्हातारीला सगळं सांगितलं: वसतिगृह, पोळ्या, मोडलेलं हाड, काकांचं बोलणं. ती झाडू बाजूला ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, "नी थारी बात, नी म्हारी बात. साँझ पड़े जहाँ बैठेगी, उसकी."

मी घरी जाऊन देवासहून आलेलं डालगं आणलं. ती त्याच वेताच्या डालग्यात झोपायची. ते पायरीवर आडवं ठेवलं आणि वाट पाहत बसलो. मधे डुलकी लागली. जाग आली तेव्हा शिफ्टची बस सुटून गेली होती, म्हणजे रजा पडली. उन्हं उतरली. कोंबडी ओट्यावरून उडून भेरूजीच्याच कडुलिंबाच्या खालच्या फांदीवर बसली. पोरं ओरडली, "जय भेरूजी!" मी मान खाली घातली. आत्याला काय कळवायचं ते मी मनात जुळवू लागलो.

ती फांदीवर दोनदा सरकली. पंख झाडले. मग खाली उतरली, डालग्याभोवती एक फेरी मारली आणि आत जाऊन बसली.

म्हातारीनं डालग्यात मूठभर ज्वारी टाकली. "ले जा. भेरूजी ने छोड़ दी."

घरी येऊन, जेवायच्या आधी, मी हे पत्र लिहिलं:

"ती. आत्या, नमस्कार.

तुझी कोंबडी खुशाल आहे. आज दिवसभर ती भेरूजीकडे पाहुणी होती. कशी, ते समोर बसून सांगेन, तू हसशील. काकांना हे पत्र वाचून दाखव. तिकडे तुझं कोण आहे, असं त्यांनी विचारलं तर ही कोंबडी आहे म्हणावं, आणि मी आहे. रात्रपाळी बदलून मागतो आहे. देवासची बदली मिळणार नाही, पण दर रविवारी येईन. डॉक्टर काठी घेऊन चाल म्हणाले की कळव. घर मी आधी जाऊन झाडून ठेवतो. न्हाणीत धरायला लोखंडी दांडा बसवून घेणार आहे, त्याला नाही म्हणू नकोस. अक्षर वाईट आलं आहे, फार झोप येते आहे."