मिठागराच्या रंगाची जर्सी

आमच्या सायकल क्लबची जर्सी वेगळी असावी, एवढंच बैठकीत ठरलं होतं. पनवेलचे बहुतेक क्लब काळ्या-लाल रंगात फिरतात. डिझाइन माझ्याकडे आलं. मी उरणच्या मिठागरांचा रंग घेतला: करडट पांढरा, त्यावर बांधांसारख्या बारीक रेघा. क्लबमधल्या सर्वांत वयस्कर काकांच्या घरची पूर्वी मिठागरं होती. नमुन्याची एकच जर्सी शिवून आली, ती त्यांनी मागून घेतली.

"आमच्या बापाचं मीठ अंगावर घातलंत तुमी," ते म्हणाले. "आता ही मी काय काढत नाय."

हिवाळ्यातल्या एका रविवारी आम्ही दोघं उरणच्या रस्त्याला लागलो. उजाडलं होतं, पण धुकं होतं आणि त्यात ट्रेलरांनी उडवलेली धूळ. काका ती जर्सी घालून पुढे, मी मागे. त्यांच्या सायकलचा मागचा लाल दिवा लुकलुकत होता. खड्ड्यात चाक आदळलं, दिवा विझला आणि काका दिसेनासे झाले.

रस्ता दिसत होता. कडेचं गवत दिसत होतं. मधे माणूस नव्हता.

मागून ट्रेलरचा आवाज आला. "काका, खाली उतरा! डावीकडे!" मी ओरडलो. ट्रेलर माझ्या कोपराजवळून गेला, त्याच्या वाऱ्याने सायकल डगमगली. मग पुढे धुक्यात ब्रेक करकचून लागल्याचा लांबलचक आवाज झाला. त्यानंतर काहीच ऐकू येईना. मी उतरून सायकल ढकलत पुढे निघालो. पुढे काय दिसेल, ते मला पाहायचं नव्हतं.

ट्रेलर तिरका उभा होता. काका कडेच्या मातीत, एक पाय टेकवून.

"आजोबा, दिसतच नाही तुम्ही!" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

"दिसत नाय तर चष्मा लाव!" काकांनी सुनावलं. सायकल मात्र त्यांनी पुन्हा रस्त्यावर घेतली नाही.

तिथेच मी माझं पिवळं जॅकेट काढून त्यांना त्या जर्सीवर घालायला लावलं. त्यांनी वाद घातला नाही.

क्लबची जर्सी आता भडक नारिंगी आहे. कामोठ्याचे सायकलवाले विचारतात, "काय, रस्त्याचं काम घेतलंत वाटतं?"

"भोपला केलाय माझा," काका कुरकुरतात.

"लांबून कळतो ना, मग झालं," मी म्हणतो.

मी अजूनही त्यांच्या मागेच असतो. नारिंगी पाठ स्पष्ट दिसत असते. तरी खड्डा आला की माझी नजर आधी त्यांच्या दिव्यावर जाते, आणि मागून काही येतंय का, इकडे कान लागतात.