वजनात बसवणारे सर

सर कुणालाही भेटले की आधी मनगट धरायचे. अंगठा आणि मधलं बोट मनगटाभोवती जुळलं की "हं, बसतंय" म्हणून सोडायचे. नाही जुळलं तर नुसतं बघायचे. एकदा जुन्या पाटलांचंही मनगट त्यांनी असंच धरलं. पाटील त्या रात्री कमी जेवले म्हणे.

ते आमच्या हायस्कूलचे पी.टी.चे सर, मुलींच्या कबड्डी संघाचे. आमचं गाव बीदर जिल्ह्याच्या कडेचं. नाव लिहीत नाही. असे सर तुम्हीही पाहिले असतील, तुमच्या गावाचं नाव घाला.

कप दरवर्षी यायचा. तो सरांनी एकट्यानं आणला असं मी म्हणणार नाही. त्याला अख्ख्या गावाचा हात लागलेला असायचा, आणि माझा राग त्या हातावरच आहे.

वर्षभर गाव पोरींना पोसायचं. डेअरीवाला दूध द्यायचा. ज्या लिंगायत अप्पांच्या घरात अंड्याचं नाव काढायची चोरी, ते अप्पा शाळेच्या मागच्या दारानं अंड्यांचे ट्रे पाठवायचे आणि वर विचारायचे, "पोरी नीट खायलालेत नव्हं?" बघून भरून यायचं. मलाही यायचं. पण शालेय कबड्डीत वजनाची मर्यादा असते. सामने आठवड्यावर आले की सर देवळापुढच्या कट्ट्यावर उभे राहून एवढंच बोलायचे, "आजपासून बंद."

मग किराणावाला पोरींना बिस्किटाचा पुडा द्यायचा नाही. हॉटेलवाला अण्णा पाण्याचा माठ आत ओढून घ्यायचा. चुलीपाशी आया पहाऱ्याला. भर दुपारी पोरी स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि झाडाखालचे म्हातारे ओरडायचे, "ए, थांबलीस कामून? पळ की!" तोंडात चिंच धरायची आणि सुटलेली लाळ थुंकत राहायची, तेवढंच वजन उतरतं. पोरी थुंकत थुंकत घरी जायच्या आणि गाव कौतुकानं वाट द्यायचं.

मी तेव्हा बीदरला शिकत होते. कॉलेजातल्या आमच्या विद्यार्थी गटानं पत्रक काढलं : खेळाडूला पाणी नाकारणं हा छळ आहे. मी ते घरोघरी वाटलं. दोन दिवसांत अण्णाच्या हॉटेलात त्यात भजी बांधून मिळायला लागली. सरांनी मात्र ते पूर्ण वाचलं. माझं मनगट धरून म्हणाले, "चांगलं लिवतीस की. खेळली असतीस तर कामाला आली असतीस."

"पोरी मरतील, सर."

"मरत न्हाईत. जिंकतेत."

आणि खरंच जिंकायच्या.

शिवलीला दहावीत होती. चढाईत तिच्यासारखी दुसरी नव्हती. तिचं लग्न मामाच्या पोराशी ठरल्यातच जमा होतं. अठरा वर्षांचा कायदा आमच्या दुसऱ्या पत्रकात होता. त्यातही भजीच गेली. कायद्यानं झालं नाही ते सरांनी केलं. ते तिच्या घरी जाऊन बसले, चहा घेतला आणि बापाला म्हणाले, "जिल्ह्याला खेळू द्या. निवडणारे येतेत. सरकारी क्रीडा हॉस्टेलात लागली की शिकणं, खाणं सगळं तिथंच. लगीन काय पळून जातंय?"

बाप म्हणाला, "निवड झाली तर हॉस्टेल. न्हाई तर मांडव."

बंदीच्या त्या आठवड्यात बाकीच्या पोरी चोरून नळाला तोंड लावायच्या. शिवलीला लावायची नाही.

सामन्याच्या सकाळी बीदरला ती वजनकाट्यावर उभी राहिली. काटा रेघेच्या जरासा पुढं. वजनं घेणं बंद व्हायला आलेलं. सरांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि नजर वेणीवर थांबवली. तिची आई गावच्या टेम्पोतून आली होती.

"अक्का, कात्री बघा कुठं मिळतीय का."

"सर, पोरीच्या जातीचे केस..."

"काप, आई," शिवलीलाच म्हणाली.

आईनं कानापर्यंत कापले. काटा मागं आला. "बसली!" सर ओरडले, आणि टेम्पोतून आलेल्या आमच्या गावानं टाळ्या वाजवल्या. वेणी त्या गर्दीत कुणाच्या तरी पायाखाली होती.

मग तिला ग्लुकोजचं पाणी पाजलं. ते तिनं ओकून टाकलं.

शेवटच्या सामन्यात उत्तरार्धाला ती चढाईला गेली आणि कुणी हात लावायच्या आधीच खाली बसली. मग आडवी झाली. सरांनी दुसरी पोर आत पाठवली. शिवलीलाला उचलून नेताना त्यांनी वळून पाहिलं नाही, डोळे गुणफलकावर होते. कप आला. निवडणाऱ्यांनी बदली आलेल्या पोरीला निवडलं. त्यांनी शेवटी तीच पाहिली होती. गावात मिरवणूक निघाली तेव्हा शिवलीला सरकारी दवाखान्यात सलाईनवर होती.

ठरल्याप्रमाणे मामाकडची माणसं तारीख धरायला आली. मामीनं तिच्या डोक्याकडं बघून तोंड फिरवलं. "असली बोडकी मांडवात उभी करता व्हय? केस वाढू द्या, मग बघू." केस वाढेपर्यंत म्हणून शिवलीला पी.यू.ला, म्हणजे अकरावीला जायला लागली.

पुढच्या वर्षी कलबुर्गीच्या एका मोठ्या शाळेनं सरांना बोलावून घेतलं. गावानं फेटा बांधला, हार घातले, हलगी लावली. बाया रडल्या, आणि खोट्या रडल्या नाहीत, हे मला लिहायलाच हवं. जीपमध्ये बसताना सरांना गर्दीत शिवलीला दिसली. केस कानापर्यंतच.

"अगं, वाढव की आता. पोरावानी दिसायलीस."

"वाढले की लगीन लावतेत, सर."

सर खदखदून हसले. भोवतीचं गावही हसलं. जीप गेली, आणि धूळ बसायच्या आत एक जण विचारायला लागला, "नवे सर वजनाचं बघतेत का?"

शिवलीलानं घरी जाऊन आईकडं कात्री मागितली. आईनं दार लावून घेतलं आणि स्वतःच तिच्या मागं कापायला बसली.